पिक्चर आधी कानाला पटला पाहिजे

पितृपंधरवडा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत माझे पाच पिक्चर बघून झाले. इतके तर कॉलेजात असताना पण कधी सलग बघितले नव्हते, आणि घरी-ऑफिसात रोज कुणीतरी विचारतंय की कुठला भारी होता, म्हणून म्हणलं एकदाचं सगळं लिहूनच टाकावं. स्टार-बिर द्यायला मला जमत नाही. माझं एकच आहे, पिक्चर आधी कानाला पटला पाहिजे. माणसं जिथली दाखवलीत तिथल्यासारखी बोलत असतील तर बाकीच्या शंभर गोष्टी मी सोडून देते, आणि बोलणं खोटं वाटलं की मग कॅमेरा कितीही भारी असू दे, माझं लक्ष एकदा उडालं की उडालंच.

सोलापुरात वाढल्यामुळं असेल हे. आमच्या गल्लीत सकाळी दूधवाला कानडीत हाक मारतो, समोरच्या दोन घरात तेलुगू चालतं, कोपऱ्यावरच्या गॅरेजात दखनी, आणि चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की भांडणं मात्र सगळ्यांची मराठीत. त्यामुळं कोण कुठलंय हे आम्हाला तोंड बघायच्या आधी ऐकून कळतं. लहानपणी पप्पा भागवत थेटरला पिक्चर दाखवायला न्यायचे तेव्हा पण घरी येताना माझी चर्चा हीच, तो हिरो गावाकडचा होता तर मग पुण्यातल्यासारखा का बोलत होता.

पहिला बघितला दशावतार. रिलीज झाला त्याच रविवारी, १४ सप्टेंबर २०२५ ला, सासूबाईंना घेऊन. मालवणी आमच्या कानाला लांबची, पहिली दहा-पंधरा मिनिटं सासूबाई सारखं विचारत होत्या काय म्हणला, काय म्हणला, आणि मग एकदम थांबल्या, बघते तर हरवूनच गेल्या होत्या. भाषेत एकदा आत गेलं की असं होतं. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते हो! त्यांचा दशावतारी कलाकार बाबुली मेस्त्री रंगायला बसतो, तोंडाला रंग लावतो, नजर कमी होत चाललीय, पोरगा म्हणतोय बाबा आता बास करा, आणि ह्या माणसाला बास करणं म्हणजे काय तेच माहीत नाही. बापलेकाचे ते सीन बघताना माझ्या घशात आवंढा आला. सिद्धार्थ मेनन पोराच्या रोलमध्ये चांगला वाटला, ओढूनताणून कोकणी नाही वाटला.

पण मध्यंतरानंतर माझी तक्रार आहे. पुढं काय होतं ते सांगत नाही, बघायचा असेल त्यांनी बघावा, पण खाणीवाल्यांचा विषय आल्यावर पिक्चर मोठ्यानं बोलायला लागतो. आधी जे एका कटाक्षात सांगत होता ते आता म्युझिक वाजवून सांगतो, आणि म्युझिक इतकं की प्रभावळकरांचे शब्द त्याच्याखाली दबले. त्यांच्यासारख्या माणसाचा आवाज ऐकायला तर आम्ही गेलो होतो ना. त्यात थेटरवाल्यांनी आवाज असा फोडलेला की सासूबाईंनी पदर कानावर घेतला, बाहेर येऊन सांगितलं तर तिथला पोरगा म्हणला वरूनच सेटिंग आहे. तरीपण बघा. कोकणातली माणसं कोकणातल्यासारखी बोलतायत, ह्यासाठी तरी बघाच.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो पिक्चर. बलगम. तेलुगू, २०२३ चा. जुना झाला म्हणतील लोकं, पण मी आत्ता बघितला आणि ज्यांच्यासोबत बघितला त्यामुळं मला तो जन्मभर लक्षात राहणारे.

आमच्या शेजारी अक्का राहतात. साठीच्या पुढच्या. लहानपणापासून विड्या वळल्या, पूर्वी दिवसाला हजार वळायच्या, आता गुडघ्यामुळं एवढं होत नाही पण हात थांबत नाहीत. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालतात की बघणाऱ्याला वाटावं ती अक्काची नाहीतच, वेगळीच कुणाचीतरी आहेत. घरात त्यांना सगळी अक्काच म्हणतात, मी पण, आणि अहो-जाहो केलेलं तिला आवडत नाही म्हणून तू. तर पंधरवड्यात एका दुपारी मी लॅपटॉपवर बलगम लावलेला, ती सूप घेऊन आली, काय बघालतीस गं म्हणली. म्हणलं अक्का तुझ्याच भाषेतला आहे, बस. ती म्हणली आमच्या भाषेतलं त्यांना कुठं येतंय, आणि बसली.

तिचं म्हणणं खरं होतं, हे मला नंतर कळलं. सोलापूरची पद्मशाली माणसं मूळची तेलंगणातली, करीमनगर, वरंगल त्या बाजूची, मागाच्या कामाला पिढ्यानपिढ्या आधी इकडं आली. आणि तेलुगू पिक्चरमध्ये हिरो-हिरॉइन बोलतात ते आंध्राकडचं, किनाऱ्याकडचं तेलुगू. तेलंगणाचं बोलणं कितीतरी वर्षं फक्त विनोद करणाऱ्याला नाहीतर गुंडाला. म्हणजे अक्कानं जन्मभर थेटरात जाऊन स्वतःची भाषा ऐकली ती कुणाला तरी हसायला लावण्यासाठी वापरलेली. आपल्याकडं पण असंच नव्हतं का, गावाकडची मराठी बोलली की तो गडी नाहीतर तमाशातला.

बलगम सुरू झाला. एक म्हातारा, कोमुरय्या, गावात सकाळपासून फिरतोय, ह्याची थट्टा कर, त्याला टोमणा मार. दोन वाक्यं झाली असतील नसतील, अक्काची बोटं थांबली. मी खाली येणारी इंग्लिश अक्षरं वाचायच्या आधी ती हसायची. मी वाचून हसेपर्यंत पुढचा जोक गेलेला असायचा. म्हणली, "माझा बाप असाच बोलायचा. असंच."

गोष्ट सांगते थोडी. म्हातारा दुसऱ्या दिवशी जातो. नातू सायिलू, प्रियदर्शीनं केलाय, त्याला आजा गेल्याचं दुःख होण्याऐवजी टेन्शन वेगळंच, डोक्यावर कर्ज आहे, लग्न ठरलंय आणि हुंड्याच्या पैशातून ते फेडायचं त्याच्या डोक्यात आहे, आता सुतक आलं. लांब गेलेली लेक वीस वर्षांनी माहेरी येते, कारण जावई आणि मेव्हण्याचं भांडण. भांडण कशावरून तर जेवणाच्या पंगतीत मटणातल्या नळीवरून! मी हसायला लागले तर अक्का म्हणली हसू नको, नल्ली बोक्का म्हणजे साधी गोष्ट नाही, जावयाच्या ताटात कोण वाढतंय, किती वाढतंय, त्यावर सगळं असतं. मग माझ्या लक्षात आलं, आपल्याकडं काय वेगळंय. आमच्याच नात्यात एक काका केवळ पाटाला रांगोळी काढली नव्हती म्हणून अकरा वर्षं एका घराच्या पायरीला शिवले नाहीत. आणि बोक्का म्हणजे हाड हा शब्द पण तिकडचाच म्हणे, आंध्राकडं हाडाला दुसरा शब्द आहे. अक्काचा नातू दारात उभा होता, त्याला माहीत नव्हता. तो सगळे पिक्चर हिंदीत डब केलेलेच बघतो.

मग येतो कावळा. पिंड ठेवलाय, सगळी भावकी लांब उभी, आणि कावळा शिवत नाही. तिसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही. म्हाताऱ्याची काय इच्छा राहिली ते कुणाला कळेना. इथं मी लॅपटॉप बंद करणार होते, खरं सांगते. आमच्या आजोबांच्या दहाव्याला असंच झालेलं. आजोबा गिरणीतले, खात्यात तीस-बत्तीस वर्षं काढलेली, गिरणी बंद पडल्यावर पण सकाळी भोंग्याच्या टायमाला उठून बसायचे. नदीवर आम्ही तासभर उन्हात उभे. थोरल्या काकांनी हात जोडून म्हणलं, शेतीचं वाटप नीट करतो. नाही. धाकट्यांनी म्हणलं, आईला बघतो. नाही. मग आत्या एका बाजूला दगडावर बसलेली, तिच्याकडं बघून काका म्हणले, हिचं माहेर तुटू देणार नाही. आणि कावळा आला, आता त्याला यायचंच होतं म्हणून आला असेल, पण त्या दिवशी तिथं उभं असलेल्या एकालाही तसं वाटलं नाही आणि मला आजही वाटत नाही. आत्या त्यानंतर दरवर्षी येते. काकांनी शब्द पाळला.

तर बलगमच्या शेवटी गावातले लोककलावंत येतात आणि मेलेल्या माणसाच्या घरासमोर गाणं म्हणतात, भाऊ-बहीण, सगळे समोर बसलेले. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. अक्षरं खाली येत होती पण डोळ्यात पाणी आल्यामुळं ती पण वाचता येईनात. अक्कानं सूप बाजूला ठेवलं, पदर तोंडाला लावला. तिचा भाऊ तिकडं भिवंडीला आहे, मागावर, किती वर्षं बोलणं नाही ते ती सांगत नाही आणि मी पण विचारलं नाही. डायरेक्टर वेणू येल्दंडी, आधी कॉमेडी रोल करणारा नट, आणि डायरेक्टर म्हणून त्याचा हा पहिलाच. पहिल्याच पिक्चरमध्ये माणूस मरणाच्या घरातलं हसू आणि रडू एकाच ताटात वाढतो आणि कुठंच ते चुकत नाही. मला काय काय आवडलं नाही ते शोधायचा प्रयत्न केला, सायिलूचं लग्नाचं प्रकरण मधे थोडं लांबतं, बाकी काही सापडलं नाही.

त्याच आठवड्यात पुण्याला भावाकडं जायचं होतं, हुतात्मा एक्सप्रेसनं गेले, आणि तिथं साबर बोंडं बघितला. योगायोग बघा, परत मरणाचाच पिक्चर. बाप गेलाय, मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद दहा दिवसांसाठी आईबरोबर गावी येतो, पाहुण्यांचं एकच, लग्न कधी, आणि लहानपणीचा दोस्त बाळ्या तिथं आहे. दोन पोरांच्या प्रेमाची गोष्ट. रोहन कानवडेचा पहिला पिक्चर, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला वर्ल्ड सिनेमातलं ग्रँड ज्युरी प्राइज मिळालेला. मला माहीत आहे आमच्याकडं काही लोकं विषय ऐकूनच नाक मुरडतील. त्यांना एवढंच सांगते की त्यातली आई बघा. जयश्री जगतापनं केलीय. ती लेकाला जे समजून घेते त्यात एक मोठं वाक्य नाही, भाषण नाही, नुसती त्याच्या बाजूला बसते आणि पाहुण्यांना परस्पर गप्प करते. अशा बायका गावाकडं आहेत. मी बघितल्यात.

आणि ह्या पिक्चरला मागं म्युझिकच नाही. दशावतारमध्ये माझे कान किटलेले, इथं शेळ्यांचा आवाज, लांबून कुणाची तरी हाक, बायकांचं घरातलं बोलणं, बास. थेटरात सुरुवातीला लोकं चुळबुळत होती, मग हळूहळू सगळी गप्प झाली आणि शेवटी शेवटी तर पॉपकॉर्न खायची पण चोरी वाटत होती.

बाळ्या आनंदसाठी साबरीची बोंडं घेऊन येतो ना, तिथं मला एकदम माझं गाव आठवलं. मोहोळकडं आमच्या बांधाला साबरीची भिंतच होती. बोंडं लालभडक पिकली की आम्ही पोरं काठीनं पाडायचो, हात लावायचा नाही, कारण मोठे काटे दिसतात पण ती बारीक कुसळं दिसत नाहीत, बोटात गेली की दोन दिवस सलतात. मग चप्पलनं मातीवर गोल गोल घासायचं, कुसळं निघून जाईपर्यंत, मग सोलायचं. आत असलं लाल की जीभ, ओठ, फ्रॉक, सगळं रंगायचं आणि घरी गेल्यावर काही सांगायची गरजच नाही. आपल्यासाठी कुणीतरी काटे काढून आणून देतंय म्हणजे काय, हे ज्यानं ती बोंडं खाल्लीत त्याला कुठल्याच डायलॉगशिवाय कळतं. बोली संगमनेरकडची, आमच्यापेक्षा वेगळी, पण खरी.

पुण्याहून आले आणि लगेच सीना नदीला पूर आला. माढा, करमाळा, मोहोळ, सगळीकडं पाणी. गावाकडं फोन लावण्यातच आठवडा गेला, पिक्चर-बिक्चर कुणाला सुचतंय. बांध वाहून गेला, साबर तर कधीच काढून टाकलेली.

दसऱ्याला पोरांच्या हट्टापायी कांतारा चॅप्टर १ ला गेलो, त्याच दिवशी लागलेला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. रिषभ शेट्टी अंगात आल्यासारखं काम करतो हे खरंच आहे, लढाया भारी, पोरं खूश, नवरा खूश. पण आम्ही बघितला हिंदीत, आणि सगळी जंगलातली माणसं एकाच स्टुडिओत बसून बोलल्यासारखी. माझी ऑफिसातली मैत्रीण अक्कलकोटची, घरी कानडी, तिनं विजापूरला माहेरी जाऊन कानडीत बघितला. ती म्हणली तिकडच्या किनाऱ्याकडची कानडी आमच्यापेक्षा लई वेगळी, थोडं डोक्यावरून गेलं, पण अंगावर काटा आला. मला काटा आला नाही. फरक कुठंय ते तुम्हीच बघा, आणि जिथं मूळ भाषेतला शो असेल तिथं तोच धरा, खाली अक्षरं वाचायला लागली तरी चालतंय.

शेवटचा, ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट. पायल कपाडियाचा, २०२४ ला फ्रान्सच्या कान फेस्टिवलला ग्राँ प्री मिळालेला, मेन कॉम्पिटिशनमध्ये आपल्या देशातला पिक्चर तीस वर्षांनी गेलेला. नाव ऐकून मी वर्षभर टाळत होते, वाटलं आपल्याला झेपणार नाही. चूक केली. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सा आणि त्यांच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, रत्नागिरीकडची. बिल्डर पार्वतीला घराबाहेर काढतोय आणि हिच्याकडं कागद नाही. सुरुवातीलाच मुंबईत कामाला आलेल्यांचे आवाज आहेत, वेगवेगळ्या भाषेतले, तोंडं नाहीत, नुसते आवाज आणि मुंबई. मी तिथंच खूश झाले. एक डॉक्टर आहे, त्याला हिंदी जमत नाही, एवढ्या मोठ्या शहरात भाषेमुळं परका झालेला. अशी बारीक गोष्ट पिक्चरमध्ये कोण घेतंय?

आणि एक मजा सांगते, हा पिक्चर आणि साबर बोंडं, दोन्ही भारतात रिलीज केले राणा दग्गुबातीच्या कंपनीनं. तेलुगू हिरो. मी हे अक्काला सांगितलं तर तिची मान जी ताठ झाली!

कारण हा पण मी तिच्यासोबतच बघितला. मल्याळम तिला येत नाही, मला येत नाही, तिला अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून मी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवत बसले. ती सूप घेऊन भिंतीला टेकलेली, निम्मं लक्ष पानात. दोन नर्सांमधल्या प्रभाचा नवरा जर्मनीत, वर्षभर फोन नाही, आणि एक दिवस पार्सल येतं, त्यात राइस कुकर. रात्री ती खाली बसते आणि तो कुकर उराशी धरते. मी गप्प झाले. अक्का मान खाली घालूनच म्हणली, वाच की. म्हणलं अक्का ती काही बोलतच नाहीये, तूच बघ. तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दोन विड्या वळल्या आणि म्हणली, "भांडं पाठवलं होय."

आणि त्याच पिक्चरमध्ये पार्वती जेव्हा पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा अक्काची नजर सुपातच होती, पान कापत होती. दोन वाक्यं झाली आणि कात्री थांबवून म्हणली, "ही सैराटमधली अक्का की गं. हैदराबादची."

बरोबर. छाया कदम. सैराटमध्ये पळून गेलेल्या पोरांना हैदराबादला आसरा देणारी सुमन अक्का. २०१६ ला बघितलेला पिक्चर, आणि हिनं नऊ वर्षांनी नुसत्या आवाजावरून ओळखली. म्हणली, मराठी बाई असून आमचं तेलुगू बोलली होती, तिचा आवाज कसा विसरीन. मग सूप बाजूला ठेवून नीट बसली आणि म्हणली, आता सगळं वाच, एक पण सोडू नको.